हॉट ज्युपिटरचे शेजारी

प्रिय सम्या,

मागच्या पत्रात तू ठोकून दिलंस की हॉट ज्युपिटर, म्हणजे आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे गुरूएवढे ग्रह, सगळेच एकलकोंडे असतात, आसपास कोणाला टिकूच देत नाहीत. अरे, बरीच वर्षं सगळे हेच म्हणायचे. १९९५ ला ५१ पेगासी बी सापडला, गुरूसारखं धूड आणि ताऱ्याभोवती फेरी सव्वाचार दिवसांत, तेव्हापासून भांडण एकच, की हा एवढ्या आत आला कसा? एक मत असं की कोणाच्या तरी ओढाताणीने त्याची कक्षा खूप लांबुळकी होते, मग ताऱ्याला घासून जाता जाता तो तिथेच अडकतो. आता असला दांडगा आत-बाहेर करणार म्हटल्यावर वाटेतल्या छोट्यांची धूळधाणच.

पण वास्प-४७ हा तारा बघ ना. २०१२ ला तिथे चार दिवसांत फिरणारा साधासुधा हॉट ज्युपिटर सापडला, विषय संपला. मग केपलर या अवकाश दुर्बिणीला स्थिर ठेवणारी दोन चाकं बंद पडली, तरी सूर्यप्रकाशाच्या दाबाचा आधार घेऊन तिला स्थिर धरलं (हा जुगाड मला फार आवडतो) आणि त्या के-२ मोहिमेत हाच तारा आला. मोठा ग्रह आडवा गेला की तारा साधारण १ टक्का मंद होतो, ते जमिनीवरूनही दिसतं, पण प्रकाशाच्या आलेखात मधेमधे अगदी बारीक खळगे होते, एक तर जेमतेम ०.०२ टक्के! ते आधी दिसले एका हौशी माणसाला, नुसत्या डोळ्याने आलेख बघताना. एक ग्रह आतल्या बाजूला, त्याचं वर्ष १९ तासांचं, आणि दुसरा बाहेर, नेपच्यूनएवढा, ९ दिवसांचा. २०१५ ला पेपर आला.

मला खरी मजा वाटली ती वेळांची. बाहेरचा आणि मोठा एकमेकांना ओढतात, त्यामुळे बाहेरच्याचं ताऱ्यासमोर येणं काही मिनिटं पुढेमागे होतं, मोठ्याचं मिनिटभरही नाही, आणि तेवढ्यावरून दोघांचं वस्तुमान काढलं!

शेजारी शाबूत आहेत म्हणजे हा हॉट ज्युपिटर धिंगाणा घालत आलेला नाही, ग्रह जिच्यात जन्मतात त्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीतल्या वायूतून शांतपणे सरकला असेल नाहीतर तिथेच वाढला असेल. नंतर केपलर-७३०, टीओआय-११३०, वास्प-१३२ या ताऱ्यांपाशीही हॉट ज्युपिटरचे शेजारी निघाले. तरी असे थोडेच रे, बहुतेक ठिकाणी शोधूनही जवळ कोणी नाही, त्यामुळे तुझं म्हणणं पूर्ण मोडीत काढत नाही, फक्त 'सगळेच' हा शब्द मागे घे.

तुझा,
निख्या