नेपल्सच्या त्या भाऊंना, एस्पोझितोंच्या विहीणबाईंकडून

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये कारण निघताना तुम्हीच म्हणालात की नावबिव कुठे टाकू नका, मी फक्त माझं काम केलं. मराठीत लिहितेय कारण मनातलं मला मराठीतच लिहिता येतं, लेक कुणाकडून तरी इटालियनमध्ये करून घेईल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल. पण तुम्हाला एकट्याला न पाठवता इथे सगळ्यांसमोर का टाकतेय, तर एस्पोझितो या माझ्या जावयाच्या आडनावावरून ज्यांनी ज्यांनी तोंडसुख घेतलं ते आमचे लोक इथेच आहेत. त्यांनीही वाचावं, एवढीच इच्छा.

आता तुम्हाला आमच्याकडची गंमत माहीत नसणार. आमच्याकडे आडनाव कळल्याशिवाय चहाचा कप पुढे सरकत नाही. आडनावाच्या शेवटी कर असला की गाव कळलं, कुलकर्णी देशमुख असलं की वतन कळलं, आणि जे विचारायचं नसतं पण विचारायचंच असतं तेही कळलं. त्यात माझ्या लेकीने न्यू जर्सीत लग्न ठरवलं ते एस्पोझितोशी. झालं. नाशिकला साखरपुड्यात आमच्या एका नातेवाइकांनी मोबाइल काढला, शोधलं, आणि जेवणाच्या पंगतीत मोठ्याने जाहीर करून टाकलं, अहो हे तर टाकून दिलेल्या पोरांचं आडनाव! जावयाला मराठी येत नाही म्हणून तो हसत हसत श्रीखंड खात होता. लेकीला येतं ना.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते बसलं. व्याह्यांना विचारावं तर ते म्हणायचे नेपल्सकडचं साधं आडनाव आहे, आणि लगेच बेसबॉलवर यायचे. वय ७८, बोलणं मोजकं. नंतर कळलं की त्यांच्या वडिलांनी पण त्यांना एवढंच सांगितलं होतं.

मग जावयाने हौसेने एका वेबसाइटला पैसे भरले. आडनावाचा उगम, अर्थ, जगात किती माणसं, सगळं मिळेल म्हणे. आलं काय, तर सोनेरी किनारीचं एक सर्टिफिकेट, त्यावर ढाल, ढालीवर सिंह, वर लोखंडी टोप, आणि खाली लिहिलेलं की हे प्राचीन उमराव घराणं आहे! व्याह्यांनी चष्मा लावून ते बघितलं आणि काही न बोलता तळघरात निघून गेले. त्यानंतर कागदपत्रं शोधून देणारा एक एजंट गाठला, त्याने अॅडव्हान्स घेतला आणि दोन ओळींचा मेल टाकला की तुमचे पूर्वज अनाथालयातले आहेत, अशांचं पुढे काही सापडत नसतं, वेळ घालवू नका. अशांचं! हा शब्द मला अजून टोचतो भाऊ.

मग आम्ही नेपल्सला, जुनी रजिस्टरं ठेवलेल्या तुमच्या त्या जागी आलो. तिथे तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मी इथे आमच्या मंडळींसाठी थोडक्यात लिहिते, चुकलं तर लेकीकडून दुरुस्त करून पाठवा.

एस्पोझितो हे लॅटिन एक्सपोझितुस वरून आलं, म्हणजे बाहेर ठेवलेला. नेपल्सच्या फोर्चेल्ला भागात आन्नुन्त्सियाताचं मोठं चर्च आहे आणि त्याला लागून सोडून दिलेली बाळं सांभाळणारी ती संस्था, भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं, त्याला रुओता म्हणजे चाक म्हणतात. रस्त्याच्या बाजूने बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची, आतली बाई बाळ काढून घेणार आणि बाहेर कोण उभं आहे हे तिला दिसणार नाही. बिनलग्नाच्या पोरी असायच्याच, त्यांना तर बाळ जवळ ठेवूच द्यायचे नाहीत, घराण्याची अब्रू म्हणून, आणि बापाला कुणी विचारायचं नाही. पण नवरा असलेल्या गरीब बायका पण असायच्या, घरात खायला नाही म्हणून. एकोणिसाव्या शतकात वर्षाला दोन हजारांच्या आसपास बाळं यायची असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी लेकीला परत विचारायला लावलं, मला वाटलं ऐकण्यात गल्लत झाली. त्यातली कितीतरी पहिल्या वर्षातच जायची, कारण अंगावर पाजणाऱ्या दाया पुरायच्या नाहीत. जी जगली त्यांना लोक मादोन्नाची म्हणजे मेरीमातेची लेकरं म्हणायचे, आणि नवस म्हणून घरी घेऊन जाणारी साधी कुटुंबं पण होती. चाक १८७५ मध्ये बंद झालं, पण भिंतीतलं ते भोक आजही बघायला मिळतं.

आणि मुरा नावाचा राजा, नेपोलियनचा मेव्हणा, त्याच्या काळात म्हणजे १८१० च्या दशकात हे आडनाव द्यायची बंदी आली, कारण आयुष्यभर कपाळावर लिहिल्यासारखं व्हायचं. मग प्रत्येक मुलाला वेगळं काहीतरी बनवून आडनाव द्यायला लागले. म्हणजे हिशोब करा, आजचे जे एस्पोझितो आहेत त्यांच्यातला चाकातून आलेला माणूस बहुतेक त्याच्याही आधीचा. सहा सात पिढ्या झाल्या की त्याला! आणि आमच्या पंगतीत लोक असं बोलत होते जणू काय माझ्या जावयालाच कुणी परवा तिथे ठेवून आलंय.

बरं हे फक्त नेपल्सचं नाही. मिलानला अशा मुलांना कोलोंबो आडनाव द्यायचे कारण तिथल्या इस्पितळाचं चिन्ह कबूतर होतं, ते १८२५ पर्यंत चाललं. फ्लॉरेन्सला इन्नोचेंती आणि नोचेंतिनी, तिथलं ते प्रसिद्ध इन्नोचेंती इस्पितळ, ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेलं, १४४५ मध्ये पहिलं बाळ घेतलं. रोमकडे प्रोयेत्ती. बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती. स्पेनमध्ये तर एक्सपोझितो आडनाव बदलायला सोपं जावं म्हणून १९२१ मध्ये कायदा केला. म्हणजे आमचे जे लोक इटलीच्या टूरवर जाऊन कोलोंबो नावाच्या गाइडबरोबर सेल्फी काढून आले त्यांनी आता काय ते ठरवावं.

आकड्यांचं पण सांगते, कारण त्या वेबसाइटने आकडे बरोबर दिले होते आणि अर्थ उलटा लावला होता. इटलीत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पहिल्या चार पाच आडनावांत एस्पोझितो आहे. कांपानिया प्रांतात सगळ्यात दाट, नेपल्स शहरात तर एक नंबर. मग कामधंद्यासाठी लोक उत्तरेला गेले तसं ते मिलान तोरीनोला पोचलं, आणि १८८० ते १९२० च्या दरम्यान चाळीस लाखांच्या वर इटालियन अमेरिकेला गेले, बहुतेक दक्षिणेकडचे, त्यांच्याबरोबर न्यूयॉर्क न्यू जर्सीला. अर्जेंटिनाला पण. (अमेरिकेत त्याचा उच्चार एस्पझीटो करतात, तुम्ही पहिल्यांदा पो वर जोर देऊन म्हणालात तेव्हा व्याह्यांनी मान वर केली, त्यांच्या आजीनंतर तसं कुणी म्हटलं नव्हतं.) आता वेबसाइट म्हणते बघा केवढं मोठं घराणं! अहो पण हे घराणं नाहीच ना. रोस्सी म्हणजे कुणीतरी लाल केसांचा, फेर्रारी म्हणजे लोहार, तशी ही पण हजार ठिकाणी हजार वेळा सुरू झालेली गोष्ट आहे. दोन एस्पोझितो शेजारी राहतात म्हणून ते भाऊबंद होत नाहीत. ज्याचं त्याचं मूळ वेगळं, वेगळी रात्र, वेगळी आई. एवढी साधी गोष्ट त्या सोनेरी सर्टिफिकेटवाल्यांना कळू नये?

जावई मात्र खूश होता, त्याला त्यांचा तो आइस हॉकीवाला फिल एस्पोझितो पुरतो. एका सीझनमध्ये ७६ गोल, १९७०-७१, हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की मला हॉकीतलं काही कळत नसून पाठ झालंय.

आता मुख्य ते लिहिते. व्याह्यांच्या त्या चाकातून आलेल्या पूर्वजाची नोंद कशी सापडली, कुठल्या गावच्या चर्चचे कागद, कुठल्या लग्नाची नोंद, ते सगळं तुम्ही आणि लेकीने मेलवर केलंत, मला त्यातलं निम्मं समजलं नाही आणि वाचणाऱ्यांनाही कंटाळा येईल. मी त्या दिवसाचं सांगते.

तुम्ही ते मोठं रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून आणलंत आणि उशीसारख्या त्या फोमवर ठेवलंत. पानं पिवळी, शाई तपकिरी, अक्षर एकाला एक चिकटलेलं. पानावर एकाखाली एक नोंदी, एका पानावर कितीतरी मुलं. आम्ही सगळे पुढे वाकलो, तर तुम्ही खिशातून कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या काढल्यात. एक नोंदीच्या वर ठेवलीत, एक खाली. फक्त आमच्या मुलाच्या ओळी उघड्या राहिल्या. पट्ट्या वापरून वापरून कडेला मऊ झालेल्या होत्या, म्हणजे हे तुम्ही आमच्यासाठी म्हणून केलं नव्हतं, रोज करत असणार. मी लेकीला विचारलं हे कशाला, तिने तुम्हाला विचारलं, तुम्ही खांदे उडवून म्हणालात, बाकीची दुसऱ्यांची मुलं आहेत.

भाऊ, दोनशे वर्षांपूर्वीची मुलं. कोण येणार होतं भांडायला? त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय ते आम्ही वाचलं असतं तर आम्हाला धड कळलंही नसतं. तरी तुम्ही झाकलंत. आणि मला एकदम आमची ती पंगत आठवली, भर जेवणात मोबाइल नाचवणारे, आणि तो एजंट, अशांचं म्हणणारा. आमच्यात म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, ते आम्ही आपल्या घरच्या भानगडींसाठी वापरतो, दुसऱ्याची मूठ दिसली की उघडायला सगळ्यात आधी आम्हीच.

मग तुम्ही मोठ्याने वाचायला लागला असतात तर मी समजू शकले असते, आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. पण तुम्ही खुर्ची ओढलीत, व्याह्यांना बसवलंत, आणि त्यांनाच विचारलंत, मी वाचू का तुम्ही वाचता? ते म्हणाले मी. त्यांना किती वेळ लागला देव जाणे. ओठ हलत होते. जिथे अडले तिथे बोट ठेवलं, तुम्ही तो शब्द पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्याकडे सरकवलात, बोललात नाही. लेकीने फोटो घ्यायला परवानगी मागितली तर तुम्ही हो म्हणालात, पण पट्ट्या सरळ करून मग.

नोंदीत वेळ होती, बाळ अंदाजे किती दिवसांचं ते होतं, अंगावर काय होतं ते होतं. काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. घरच्यांना माहीत आहे, पुरे. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी समजून घ्यावं की तुमची पट्टी मी नाशिकला पण घेऊन आलेय.

परत येताना ट्रेनमध्ये व्याही स्वतःहून बोलायला लागले, जे आमच्या सहवासात मी कधी ऐकलं नव्हतं. आजीचं बोलले, शाळेत पोरं चिडवायची त्याचं बोलले. त्यांना वाटायचं ती नोंद म्हणजे गुन्ह्याच्या नोंदीसारखं काहीतरी असेल, चार लोकांत उघडं पडायचं. ते म्हणाले त्या माणसाने मला बसायला खुर्ची दिली. एवढंच, दोनदा म्हणाले.

मी म्हटलं आमच्याकडे पण असं घर होतं. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप येऊन बाळंत होता यावं म्हणून. आणि तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, स्वतःचं फुले आडनाव दिलं, यशवंत, तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णसेवा करता करता गेल्या तेव्हा दवाखाना त्याचाच होता. व्याह्यांनी ते नाव जावयाकडून फोनमध्ये लिहून घेतलं. मला वाटतं जगात सगळीकडे थोडीथोडी अशी माणसं असतात जी दुसऱ्याची अब्रू स्वतःच्या हातात आहे असं समजून वागतात, त्यांना कुणी नेमलेलं नसतं, बघायलाही कुणी नसतं, आणि बाकीचे आपण सगळे त्यांच्या जिवावर बिनधास्त जगतो. तुम्ही सरकारी माणूस का तिथले सेवेकरी हे पण मी विचारलं नाही बघा. पैसे तुम्ही घेतले नाहीत, कॉफी पण आमच्यासाठी तुम्हीच मागवलीत.

सर्टिफिकेट व्याह्यांनी भिंतीवरून काढलं, फ्रेम चांगली होती म्हणून त्यात नातीचा फोटो घातलाय. तिचं आडनाव एस्पोझितोच आहे, लेकीचं माहेरचं पण जोडलंय मधे, शाळेत बाईंची चांगलीच तारांबळ उडते.

भाच्याचा मित्र पुढच्या महिन्यात रोमला चाललाय, त्याच्याकडे चिवडा आणि थोडे बेसनाचे लाडू देतेय, तो नेपल्सला येऊन तुमच्या दारात देईल. लाडू तुपातले आहेत, लवकर संपवा. त्या वेबसाइटचे मेल अजून येतायत, तुमच्या घराण्याचं नवीन रहस्य सापडलं म्हणून, पन्नास टक्के सूट. पंगतीतल्या त्या नातेवाइकांचा पत्ता देऊन टाकू म्हणते त्यांना.

तुमची,
नाशिकची विहीणबाई