पुण्याच्या खालीही रेल्वे आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील वेगवान रेल्वेचा नकाशा पाहिला. मुंबई-पुणे-हैदराबाद अशी ठळक रेघ, आणि पुण्याच्या खाली सातारा, कराड, सांगली यायला हवेत तिथे कोरा कागद. मथळा मात्र ‘पश्चिम महाराष्ट्राला वेग’. कुठल्या पश्चिम महाराष्ट्राला, तेही छापायचे होते.

बुलेट ट्रेनला माझा विरोध नाही. जपानने ती १९६४ मध्ये धावती केली; आपण २०१७ मध्ये मुंबई-अहमदाबादचे भूमिपूजन केले, ते ५०८ किलोमीटर लवकर पुरे व्हावेत. पण त्या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आणि आपल्या ब्रॉडगेजची १६७६, हे कोणी लिहीत नाही. फ्रान्समध्ये वेगवान गाडी नवा मार्ग संपला की जुन्या रुळांवरून लहान शहरांपर्यंत जाते, कारण रुळांमधले अंतर एकच. हैदराबादचा मार्गही १४३५ चाच झाला, तर ती गाडी साताऱ्याकडे वळूच शकणार नाही. आम्हाला पुण्यात गाडी बदलावी लागेल. म्हणजे आमचा सगळा वेग पुणे-मिरज मार्गावर अवलंबून.

त्या मार्गाचा अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी पुण्याला नेत होतो. धक्के बसू द्यायचे नाहीत असे डॉक्टरांनी बजावलेले, म्हणून एसटी सोडून रेल्वे धरली. लोणंदला गाडी साइडला टाकली. मागची एक्स्प्रेस पुढे काढली, मग एक मालगाडी गेली, तरी आमचा सिग्नल पडेना. आई काळ्या चष्म्याआडून सारखी विचारत होती, “जेजुरी आली का रे?” किती वेळ लागेल हे सांगायला कोणी तयार नाही. पुण्यात पोचलो तेव्हा ओपीडी बंद झालेली. दुखऱ्या डोळ्याने ती म्हातारी बाई रात्रभर पाहुण्यांच्या घरी, परक्या अंथरुणावर तळमळत पडली. याचा मला आजही संताप येतो.

परतताना माहुलीला, म्हणजे साताऱ्याच्या स्टेशनवर, उतरलो तर गावात यायला बस नाही, रिक्षावाला मागेल तेवढे मोजायचे. गाडीच्या वेळेला एक बस सोडणे एवढे कठीण आहे का?

कोल्हापूर-पुणे वंदे भारतचे डबे ताशी १६० किलोमीटरच्या तोडीचे. तरी ३२६ किलोमीटरला पाच तासांहून जास्त लागतात, कारण आदर्की आणि शिंदवणे घाटातली वळणे तीच आहेत. ती सरळ करण्याचा विचार आहे का? पुण्यातले वेगवान गाडीचे स्थानक मिरज मार्गाला जोडलेले असेल की सामान डोक्यावर घेऊन आम्ही शहरभर हिंडायचे? नकाशा छापलात तसे हे दोन प्रश्न आमच्या खासदारांना विचारा आणि त्यांची उत्तरे सातारा-सांगलीच्या पानावर छापा.

आपला,
एक वाचक, सदर बझार, सातारा