नावं माहीत नाहीत, तरी आभार

फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर शाळांच्या रोइंगच्या शर्यती असतात. शर्यतीच्या दिवशी आमच्याकडे साडेचारचा गजर, थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि गाडीत एकही शब्द न बोलणारी लेक. ती कॉक्स आहे, होडीला दिशा देणारी. म्हणजे आठजणी पाठमोऱ्या वल्ही मारतात, पुढचं फक्त हिलाच दिसतं. घरी मोजे सापडत नाहीत, ती गोष्ट वेगळी!

मागच्या शनिवारी ट्रेलरवरून होडी उतरवली. रिगर, म्हणजे वल्ह्यांना आधार देणारी बाहेरची चौकट, पुन्हा जोडताना एक नट ओल्या गवतात पडला. आम्ही चार पालक गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात शोधतोय, तेवढ्यात दुसऱ्या शाळेची टोपी घातलेले एक आजोबा आले. खिशातून तसाच नट काढला, सात-सोळांश इंचाच्या पान्याने स्वतः घट्ट केला आणि "गो गेट देम" म्हणून निघूनही गेले. त्यांचीही नात त्याच शर्यतीत होती, हे नंतर कळलं.

आजोबा, तुमचे आभार. लेक कुडकुडताना तिच्या खांद्यावर स्वतःचं जॅकेट टाकणाऱ्या ताई, तुमचेही. जॅकेट धुऊन ठेवलंय, पुढच्या शर्यतीला आणते. आणि तंबूतल्या टेबलावर माझ्या कांदेपोह्यांना कोणी हात लावणार नाही, असं वाटत असताना पहिली प्लेट भरून घेणारा तो उंच मुलगा... बाळा, तू दोनदा घेतलेस. मी पाहिलं.

आमची होडी चौथी आली. लेक परतीच्या वाटेवर बोलत होती, थांबतच नव्हती.