बाबांच्या बोटाबद्दल विचारायचंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई विषय बदलते, म्हणून लिहितेय. यंदा नर्सिंगच्या मुलींना एपिलेप्सी मी शिकवतेय आणि हो, मला फिट्स यायच्या, गोळ्या अजून चालू आहेत, हे वर्गात सांगितलंय. आई, दचकू नकोस. जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे, नीट औषधं मिळाली तर १०० पैकी ७० जणांच्या फिट्स थांबू शकतात, हे नुसतं वाचून दाखवलं तर मुली लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात, पण समोर उभी असलेली बाईच त्या ७० मधली आहे म्हटल्यावर पेनं थांबली ना सगळ्यांची.

पण मी सांगितलं की प्रश्न बंद होतात, मॅडमना वाईट वाटेल म्हणून. पेशंटने गाडी चालवावी का, हे एकीने वर्गात न विचारता रात्री मेसेज करून विचारलं! शिवाय माझ्यासारखी हातपाय झाडणारी तीच फिट असं डोक्यात बसतं, काही मुलं तर नुसती काही सेकंद शून्यात बघतात आणि लोकांना वाटतं लक्ष नाही, ती पण फिटच असू शकते. म्हणून आता आधी सगळे प्रकार शिकवते, हवं ते विचारू देते, माझं शेवटी. आणि कुणालाही 'तुझा अनुभव सांग' म्हणत नाही, त्यांचे मार्क माझ्या हातात असताना ते बरोबर नाही.

आता बाबांचं बोट. जीभ गिळेन म्हणून तुम्ही माझ्या तोंडात घातलं आणि टाके पडले ते. जीभ गिळली जात नाही, तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स, हे सगळं त्या बोटावरून जितकं पटेल तितकं कशानेच नाही. पण अजून सांगितलं नाहीये. आजार माझा आहे, तो सांगायचा की नाही ते मी ठरवणार, त्यात आईचं ऐकणार नाही. बोट मात्र तुमचं, आणि नातेवाईकांना 'तिला चक्कर येते' सांगत आईने काढलेली वर्षं आईची. 'एका पेशंटचे वडील' असं करून सांगता येईल, पण पोरी हुशार आहेत, लगेच ओळखतील.

गुरुवारी तास आहे, त्याआधी कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, खरंच. फक्त उत्तर बाबांनी द्यायचं, आई तू मधे बोलू नकोस.

तुमची,
ताई