पित्ताशयाचे नव्हे, वजनाचेच ऑपरेशन

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने एका दमात तीन गोष्टी विचारल्या: तोंड इतके का उतरले आहे, केस इतके का गेले आहेत आणि हे वाटीभर खाणे आणखी किती दिवस चालायचे. बाबांनी काहीच विचारले नाही. त्यांनी फक्त एवढे सांगितले की साताऱ्याच्या आत्यांना आणि शेजारीपाजारी सगळ्यांना ‘पित्ताशयाचे ऑपरेशन झाले’ असे सांगून ठेवले आहे, तेव्हा गौरी-गणपतीला आल्यावर मीही तसेच सांगावे. फोनवर अशा गोष्टींची उत्तरे अर्धवट राहतात; मध्येच कुकरची शिट्टी होते, दारात कोणीतरी येते. म्हणून सवडीने लिहिते आहे.

आई, तुझ्या मनात अजूनही ‘पोट शिवून टाकले’ असेच चित्र आहे, म्हणून नेमके काय केले ते आधी सांगते. दुर्बिणीतून, पोटावर लहान छिद्रे पाडून, जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक कापून काढला आणि उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवली. याला स्लीव्ह म्हणतात. आतडी जागच्या जागी आहेत आणि अन्नाचा मार्गही पूर्वीचाच आहे. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे ‘पुढे नको वाटले तर पूर्ववत करता येते का’ या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांनी मला ते स्पष्ट सांगितले होते. खर्चाची काळजी करू नका. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चाळीस किंवा त्याहून जास्त असेल, किंवा तोच पस्तीस किंवा त्याहून जास्त असून सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल, तर आरोग्य विमा हा खर्च मान्य करतो. माझा बेचाळीस होता, साखरही होती, आणि दावा मंजूर झाला.

जठराचा जो भाग काढला, त्याच्या वरच्या फुगीर टोकात घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेण्याचे काम त्याचे. तो भाग गेल्यावर भूक पूर्वीसारखी उसळून येत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘दोन घास कमी खाल्ले असते तर एवढे करावे लागले नसते’ हे आईचे वाक्य मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आले आहे. त्यामागे काळजीच होती, याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण ते दोन घास मी कमी केले होते, आणि चारही केले होते. दहा-बारा किलो उतरायचे आणि वर्षभरात पंधरा किलो होऊन परत यायचे, हे तुम्ही दोघांनीही पाहिले आहे. वजन घटले की शरीर ते भरून काढायच्या मागे लागते: भूक वाढवते, पोट भरल्याची जाणीव उशिरा देते आणि उष्मांक जपून खर्च करू लागते. ही ओढ महिन्या-दोन महिन्यांची नसते, त्यामुळे तिच्याशी निव्वळ निश्चयाच्या बळावर आयुष्यभर झुंजणे फार थोड्यांना जमते. जागतिक आरोग्य संघटनाही स्थूलतेला जुनाट आजार मानते. बाबांची साखर हा आजार आणि माझे वजन हा आळशीपणा, असा भेद आपल्या घरात नकळत होत आला, आणि त्या पित्ताशयाच्या थापेचे मूळही मला तिथेच दिसते.

बाबा, हे काल-परवा निघालेले खूळ नव्हे, म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी लिहिते. वजनासाठी जठराचा बायपास, म्हणजे जठराचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे आतड्यात नेण्याची शस्त्रक्रिया, अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली पहिल्यांदा केला. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले लोक आणि तितकेच न झालेले लोक यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. माझी स्लीव्ह ही त्या मानाने अलीकडची पद्धत आहे, पण आज जगात तीच सर्वांत जास्त केली जाते.

आता खाण्याविषयी. सुरुवातीचे दिवस कठीण गेले, ते आता उगाळत नाही. औषधाच्या मापट्यातून तीस-तीस मिली पाणी घोट घोट घेणे, मग गाळलेले मुगाच्या डाळीचे पाणी, पातळ ताक आणि प्रोटीनची पावडर, मग मिक्सरमधून काढलेले सारे, मग मऊ अन्न, असे टप्प्याटप्प्याने दीड-दोन महिन्यांत नेहमीच्या जेवणावर आले. आता मी सगळे खाते, फक्त क्रम आणि माप बदलले आहे. आधी प्रथिने, म्हणजे पनीर, अंडे, घट्ट वरण किंवा उसळ, नंतर भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा चतकोर. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि शाकाहारी घरात ते गणित रोज मांडावे लागते. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवण झाल्यावरही अर्धा तास थांबायचे. भाकरी आमटीत कुस्करली की निमूटपणे उतरते, पण मऊ पोळी आणि पाव छातीशी अडकतात, याचे आमच्या घरातल्या सगळ्यांनाच नवल वाटते.

पोट भरले हे मला आता पोटाऐवजी नाक सांगते. खरोखर, शेवटच्या एक-दोन घासांच्या सुमारास नाकातून पाणी येऊ लागते, कधी एखादी उचकी लागते. पुष्कळ जणांना असे होते म्हणतात. ती खूण दिसताच हात थांबवायचा. त्यापुढचा एक घासही छातीच्या हाडामागे दगड ठेवल्यासारखा बसतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि तो घास बाहेर आल्याखेरीज चैन पडत नाही. आता अडचण अशी की ज्या घरात ‘पानात काही टाकायचे नाही’ हा नियम होता, भाताचे शीत उरले तरी बाबा नुसते पानाकडे बघायचे, त्या घरात मी वाढले. मधेच थांबून वाटीत अन्न ठेवून उठणे मला शस्त्रक्रियेपेक्षाही अवघड गेले. त्यावर उपाय एकच आहे: मला कोणी वाढायचे नाही, माझे मी वाढून घेईन. आई, तुझ्या हाताला हे जड जाईल हे मी जाणून आहे, कारण आपल्याकडे आग्रह केला नाही तर पाहुण्याला आणि वाढणाऱ्याला दोघांनाही चुकल्यासारखे वाटते. परंतु ‘माझ्यासाठी एक घास’ हे शब्द मात्र कृपा करून काढू नकोस. तो घास मला घ्यावा लागेल आणि मग मोरीकडे धावावे लागेल.

केसांचे सांगायचे तर वजन झपाट्याने उतरू लागले की तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पुष्कळांचे केस गळतात. शरीराला एवढा मोठा धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि नंतर गळून पडतात. बाळंतपणानंतर माझे गळले होते तेही याच कारणाने. एप्रिल-मे महिन्यांत न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साठायचा. आता भांगाशी बारीक नवे केस उभे राहू लागले आहेत, ते व्हिडिओ कॉलवर दिसत नाहीत. तू पाठवलेले माक्याचे तेल मी लावते, डोके शांत राहते. मात्र खरा इलाज प्रथिने, लोह आणि वेळ हाच आहे. तोंड उतरल्याचेही तसेच. १०८ किलोवरून ८१ वर आल्यावर गाल पूर्वीसारखे कसे राहतील? दंडाची आणि पोटाची कातडीही सैल झाली आहे आणि ती व्यायामाने पूर्ण आवळत नाही. मला त्याचे फारसे दुःख नाही, साडीच्या ब्लाउजांचे तेवढे वांधे झाले आहेत.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि एक मल्टिव्हिटॅमिन, शिवाय ठरावीक काळाने रक्ततपासणी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही, मध्ये किमान दोन तास जावे लागतात, म्हणून माझ्या मोबाइलचा गजर दिवसभर वाजत असतो, दचकू नका. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. माझे अंग किंवा डोके दुखले तर आईच्या डब्यातली अंगदुखीची गोळी मला द्यायची नाही, फक्त पॅरासिटामॉल चालेल. बाकीच्या बहुतेक वेदनाशामकांना डॉक्टरांनी मनाई केली आहे. आणि तिकडे असताना उलट्या सुरू होऊन थांबेनात, तर ओवा-लिंबू करत दोन दिवस वाट पाहायची नाही. सततच्या उलट्यांमुळे शरीरातले थायमिन, म्हणजे बी-१, संपते, आणि त्याचा परिणाम थेट नसांवर आणि मेंदूवर होतो. दवाखान्यात जायचे आणि तिथे ‘वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगायचे. तिथे पित्ताशय सांगितलेत तर उपचारच चुकतील.

आणि गंमत अशी की वजन भराभर उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता खरोखरच वाढते. ते होऊ नयेत म्हणून मला सहा महिने वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या. बाबा, उद्या खरोखरच माझे पित्ताशय काढायची वेळ आली, तर तुम्ही आत्यांना कोणते ऑपरेशन सांगणार आहात?

साखरेची बातमी चांगली आहे. इन्सुलिन शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत बंद झाले, वजन फारसे उतरायच्याही आधी. गोळ्या उन्हाळ्यात थांबवल्या आणि आताची तीन महिन्यांची साखर ५.९ आली आहे. ‘मधुमेह बरा झाला’ असे डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही. तो परत येऊ शकतो, म्हणून तपासणी चालूच राहील. बाबा, तुम्ही हळूच विचारले होते की तुमच्यासारख्यांना याचा उपयोग होईल का. तुमचे वय आणि तुमची सडसडीत अंगकाठी पाहता हा मार्ग तुमच्यासाठी नाही. संध्याकाळचे फिरणे आणि गोळीच्या वेळा सांभाळा. दुसऱ्या बाळाविषयी मावशीमार्फत विचारणा झाली, तीही पोचली. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत असा सल्ला असतो, त्यामुळे तो विषय पुढच्या वर्षीपर्यंत तरी कोणी काढू नये.

वजन आता काही आठवड्यांपासून जागचे हललेले नाही. असे मध्ये मध्ये होते. एकूण घट पहिल्या वर्ष-दीड वर्षात होते आणि नंतर थोडे वजन परतही येते. अगदी सडपातळ मी कधी होणार नाही. मला ते नकोही होते. जिना चढून आल्यावर दारात उभे राहून धाप न टाकता किल्ली लावता यावी, रात्री घोरून सगळ्यांची झोपमोड होऊ नये, आणि चिरंजीवांच्या शाळेच्या मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसताना तिच्या पायांकडे आधी बघावे लागू नये, एवढे हवे होते. ते मिळाले आहे. मनाला मात्र सवय व्हायला वेळ लागतो आहे. लग्नकार्यात पूर्वी ज्या बायका ‘जरा कमी खात जा’ म्हणायच्या, त्याच आता माझे पान बघून ‘आजारी आहेस का’ म्हणतात. त्यांना उत्तर द्यायचे मी सोडून दिले आहे. पण कंटाळा आला, राग आला की डब्यातला चिवडा काढून बसायची जी सवय होती, तिची जागा अजून रिकामी आहे. त्यासाठी समुपदेशकांकडे जाते. हेही लपवायचे कारण नाही.

म्हणून आत्यांविषयी माझी विनंती अशी. त्या गौरीच्या जेवणाला येतील तेव्हा खरे काय ते मीच त्यांना सांगेन. त्यांचा मुलगा माझ्यापेक्षाही जड आहे, त्याचे गुडघे गेले आहेत, साखर आटोक्यात नाही, आणि घरात सगळे त्याला ‘तोंडावर ताबा ठेव’ एवढेच ऐकवतात. त्याने हीच शस्त्रक्रिया करावी असे मी म्हणणार नाही, ते त्याने आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. पण असा काही मार्ग असतो आणि नात्यातल्या एकीने तो घेतला आहे, हे त्याला कळायला हवे. बाबा, तुम्ही काही बोलायला नको. मी बोलत असताना विषय बदलू नका, एवढे पुरे.

आई, नैवेद्याची पुरणपोळी नेहमीसारखीच कर. त्यातला एक तुकडा मी तुपाबरोबर सावकाश खाईन. जास्त गोड एकदम घेतले तर घाम फुटून छाती धडधडायची भीती असते. माझ्यासाठी वेगळे काही करायचेच असेल तर मुगाची धिरडी कर, थोडी मऊ. आम्ही सप्तमीला दुपारपर्यंत कराडला पोचू. रक्ततपासणीच्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे, ती आपल्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा.

बाकी भेटीअंती.

तुमची,
मृणाल