जैसलमेरला दिवाळीत नको, जानेवारीत जा

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की अनेक मराठी कुटुंबे जैसलमेर गाठतात. पण दिवाळी ऑक्टोबरात आली, तर तिथे दुपारी पारा 35 अंशांच्या आसपास असतो. सोनार किल्ल्याचा चढ नकोसा होतो. खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. जानेवारीत दुपार साधारण 24 अंशांची, पहाट मात्र 8च्याही खाली उतरते, कारण कोरड्या हवेत वाळू झपाट्याने थंड होते. सुमारे 40 किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत राहायचे, तर स्वेटर-कानटोपी हवीच. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरू महोत्सव असतो, खोल्या आधीच धराव्यात. तारे बघायचे असतील तर अमावास्या गाठावी. आणि मे-जूनच्या स्वस्त पॅकेजला भुलू नये. तेव्हा लू, म्हणजे होरपळून काढणारा उष्ण वारा, चालते.

– एक वाचक, पुणे