घंटागाडी घेऊ नकोस

सुरगाणा, जि. नाशिक
८ जून

प्रिय सोमनाथ,
सप्रेम नमस्कार.

पेठ तालुक्यात बदली झाली, हे वाचून आनंद झाला. पण 'पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीला घंटागाडी' हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. निदान यंदा तरी गाडी घेऊ नकोस.

नाशिक शहरात घंटागाडी चालते, कारण तिथे घराला घर लागून आहे. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत पाडेच पाडे, मध्ये नाले आणि चढ. गाडी मोठ्या गावात फिरेल, डिझेलचं बिल थकेल आणि ती उभी राहील. शिवाय ती नेणार काय? कोकणा असो, वारली असो की महादेव कोळी, आपल्या घरातलं उष्टं गुराकोंबड्यांना जातं, शेण-पालापाचोळा उकिरड्यावर. लग्नात पळसाच्या पत्रावळी होत्या तोवर जेवणावळीचंही खतच व्हायचं. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, ही चांगली व्यवस्था आहे.

त्रास आहे तो बाजारातून येऊन परत न जाणाऱ्या वस्तूंचा. वेफर्स-शाम्पूच्या पुड्या, बाटल्या, बॅटरीचे सेल, डायपर. आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर! हंगाम संपला की वावरभर चिंध्या. कोणी बांधावर पेटवतो, कोणी ओहोळात लोटतो. रोपं टाकायच्या आधी वावरात पाला जाळून राब भाजायची आपली पिढ्यांची सवय, म्हणून जाळणं सोपं वाटतं. पण पाल्याची राख शेताला लागते, प्लॅस्टिकचा धूर पोराबाळांच्या छातीत बसतो. आणि नार, पार, दमणगंगा आपल्याच डोंगरांतून निघतात रे, इथलं ओहोळातलं थेट गुजरातेत उतरतं.

म्हणून सुक्या कचऱ्याला तालुक्यापर्यंत जायची वाट करून दे. पाड्यागणिक पत्र्याचं छप्पर असलेली एक जागा पुरे. बाजाराला माल घेऊन आलेले पिकअप संध्याकाळी रिकामे परततात, त्यांच्याशी महिन्यातून एका खेपेचं भाडं ठरव. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० वस्तीपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये धरलेत. म्हणजे हजार वस्तीला ६० हजार. त्यात गाडी बसत नाही, छपरं बसतात. तालुक्याच्या प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंतची वेगळी तरतूद आहे, तुमचं केंद्र कुठवर आलंय ते पंचायत समितीत विचार. कमी पडलं तर पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांचा, ५ टक्के अबंध निधी आहेच. तो कशावर खर्चायचा हे गावच ठरवतं, त्यात स्वच्छतेची कामं बसतात.

मात्र कुठलाही ठराव आधी पाड्यावर बसून करा. २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. बायांना पुढे बसव, घर झाडणारं माणूस ठरवेल तेच टिकतं. मल्चिंग पेपर विकणाऱ्या दुकानदाराने जुना परत घ्यावा, हा ठराव तर करच. तो कुरकुरेल, पण सगळ्या पाड्यांनी एकदम सांगितलं तर गिऱ्हाईक सोडणार नाही.

पाऊस लागायच्या आत एकदा बाजाराच्या दिवशी इकडे ये. इथल्या पिकअपवाल्यांशी तुझी गाठ घालून देतो, भाड्याचा अंदाज घे आणि मगच प्रस्ताव लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
हिरामण